दोन खाचा

१९९८ साली मी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकू किती येतं ते मोजायचं तंत्र, शिकत होते. सरावासाठी घरचं कुणीतरी आणा, असं मॅडमनी सांगितलं, म्हणून मी बाबांना घेऊन गेले. बूथमध्ये ते स्टुलावर ताठ बसले. कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं, कितीही बारीक असला तरी, एवढं मी काचेपलीकडून त्यांना खुणेनं सांगितलं.

उजवा कान अर्धा तपासून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की बाबा माझ्याकडे बघून बटण दाबताहेत. मी आवाज सोडायची तेव्हा माझी मान नकळत खाली जायची, आणि तेवढं त्यांना पुरत होतं. मॅडम म्हणाल्या, ‘स्टूल भिंतीकडे फिरव.’ फिरवल्यावर खरा आलेख निघाला. त्यात रेघ जितकी खाली, तितकं ऐकू कमी. २५० हर्ट्झ, ५००, १००० पर्यंत रेघ वरच्या वर, जवळजवळ सरळ. २००० ला ती कलली, ४००० ला थेट ७० डेसिबलपर्यंत खाली गेली आणि ८००० ला पुन्हा थोडी वर आली. कागदावर एक खाच पडली. आमच्या धंद्यात तिला नॉच म्हणतात. ती दिसली की समोरच्या माणसाला पहिला प्रश्न विचारायचा असतो, कामाला कुठे होतात? बाबांना तो विचारावा लागला नाही.

बाबा १९६६ साली, विसाव्या वर्षी कुडाळहून मुंबईला आले. आधी बदली, मग कायम, अशी सोळा वर्षं त्यांनी परळच्या एका मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात काढली. एका माणसाकडे दोन साचे, आणि असे शेकडो साचे एका छपराखाली. अशा खात्यात आवाज शंभर डेसिबलच्या घरात असतो. शेजारच्या माणसाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी नीट ऐकू जात नाही, म्हणून सगळं बोलणं ओठांवर आणि बोटांवर. धागा तुटला, जॉबर म्हणजे मुकादम आला, चहा, सभा, प्रत्येकाची खूण ठरलेली. चेहरा वाचायची सवय तिथली. कानात कापसाचे बोळे घालायचे; कापसाला तोटा नव्हताच. त्या बोळ्यांनी आवाज फारसा अडत नाही, हे मला पुढे कॉलेजात शिकवलं गेलं तेव्हा वर्गातच रडू आलं होतं.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यातले बाबा एक. ते परत आत गेले नाहीत. तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते आणि ‘साठ’ आणि ‘आठ’ यांतला फरक त्यांना कळेनासा झाला होता. ‘स’ हा सगळा वरच्या पट्टीतला, नुसत्या हवेचा आवाज. तो गळला की साठचे आठ होतात. ‘आ’ आणि ‘ठ’ शाबूत राहतात, त्यामुळे माणूस बहिरा आहे असं कुणाला वाटत नाही, वाटतं की लक्ष नाही. बाबांना आयुष्यभर ‘तुमचं लक्ष कुठे असतं’ हेच ऐकावं लागलं, आणि ते मात्र त्यांना नीट ऐकू यायचं.

खाच चार हजारावरच का पडते, याचं उत्तर कानाच्या आकारात आहे. कानाची नळी ही एका टोकाला पडद्यानं बंद झालेली छोटीशी पोकळी. ती तीन हजार हर्ट्झच्या आसपासचे आवाज आपसूक वाढवून आत पाठवते, आणि इजा होते ती त्याच्या थोडी वरच्या पट्टीच्या जागी. जागी म्हणजे खरोखरच जागेवर. कानशिलाच्या हाडात अडीच वेढ्यांचा एक शंख असतो, कॉक्लिया. उलगडून सरळ केला तर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर भरेल. त्याच्या तोंडाशी उंच स्वर, टोकाशी खर्ज. एखादा स्वर आला की आतल्या पटलावर लाट उठते आणि त्या स्वराच्या ठरलेल्या जागी सर्वांत उंच होते. टेलिफोनवर काम करणाऱ्या जॉर्ज फॉन बेकेशी या हंगेरियन माणसानं ही लाट मेलेल्या माणसांच्या कानांत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, आणि त्यासाठी त्यांना १९६१ चं नोबेल मिळालं.

त्या पटलावर केसपेशी असतात. आतल्या बाजूची एक रांग, बाहेरच्या बाजूच्या तीन. प्रत्येक पेशीच्या डोक्यावर केसांसारखा तुरा. तुरा वाकला की पेशीतली दारं उघडतात, विद्युतभारित कण आत शिरतात आणि मज्जातंतूला खबर जाते. एका कानात अशा पेशी किती? पंधरा-सोळा हजार. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींवर आहेत. कानाचा सगळा कारभार गिरणगावातल्या चार मिलच्या कामगारांएवढ्या पेशींवर चालतो. त्या आईच्या पोटात तयार होतात आणि त्यानंतर एकही नवी होत नाही.

‘केसपेशी गेली की गेली.’ कॉलेजात हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं आणि पंचवीस वर्षं समोर बसलेल्या माणसांना सांगत आले. वाक्य चुकीचं नाही. पण ते अर्धंच आहे, हे मला फार उशिरा, कामाच्या बाहेर वाचायला लागल्यावर समजलं. गेलेल्या पेशीच्या जागी पोकळी नसते. तिच्या चहूबाजूंनी आधारपेशी असतात आणि त्या जिवंत असतात.

गोष्ट कोंबडीच्या पिल्लांपासून सुरू होते. १९८० च्या दशकात अमेरिकेत पिल्लांच्या कानांवर काम चाललं होतं. डग्लस कोटान्श त्यांना मोठ्या आवाजात ठेवून पेशी कशा मरतात ते बघत होते. एडविन रुबेल यांच्या गटात पिल्लांना जेंटामायसिन दिलं जात होतं. ते औषधही केसपेशी मारतं. जितके दिवस जास्त जातील तितकी हानी जास्त दिसावी, हा हिशेब. आढळलं उलटंच. ज्या पिल्लांना जास्त दिवस जगू दिलं, त्यांच्या कानांत पेशी जास्त भरल्या. मोजणी चुकली असेल, नमुन्यांची अदलाबदल झाली असेल, असं कुणालाही वाटलं असतं. मग किरणोत्सारी खूण वापरली गेली. ही खूण फक्त त्या वेळी विभागणाऱ्या पेशीच उचलतात, म्हणजे जिच्यात खूण सापडली ती पेशी हमखास नवी जन्मलेली. १९८८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंध आले, एक कोंबडीच्या पिल्लांवर आणि दुसरा वाढ पूर्ण झालेल्या लाव्हा पक्ष्यांवर. केसपेशी पुन्हा उगवल्या होत्या. आधारपेशी विभागल्या होत्या आणि त्यांच्यापैकी काहींनी मेलेल्यांची जागा घेतली होती. पक्ष्यांना ऐकूही येऊ लागतं, काही आठवड्यांत.

हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. मी बारावीत असण्याच्याही कितीतरी आधी छापून आलेली गोष्ट, आणि ती मला कुणी सांगितली नव्हती. कोंबडी! आमच्या गावच्या घराच्या मागच्या पडवीत उकिरडा उकरणारी कोंबडी आयुष्यात हवे तितक्या वेळा आपला कान दुरुस्त करून घेते.

मग आपला का होत नाही? इथे ती दुसरी खाच येते.

१९१० च्या दशकात न्यूयॉर्कला थॉमस हंट मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत फळमाश्यांचा आनुवंशिक अभ्यास चालत होता. काही माश्यांच्या पंखांच्या कडेला खाचा पडलेल्या दिसल्या. ज्या जनुकातल्या दोषामुळे त्या पडत, त्याला नॉच हेच नाव पडलं. पुढे कळलं की हे जनुक पंखांपुरतं नाही. माशीपासून माणसापर्यंत, शेजारी-शेजारी बसलेल्या पेशींनी आपसांत कोणी काय व्हायचं हे ठरवायची ती एक पद्धत आहे. नॉच नावाचं प्रथिन पेशीच्या अंगावर ग्राही म्हणून उभं असतं. त्याला जो निरोप मिळतो तो रक्तातून वाहत येत नाही, शेजारणीच्या अंगावरचं प्रथिन प्रत्यक्ष टेकावं लागतं. म्हणजे हे बोलणं फक्त खेटून बसलेल्यांचं.

गर्भातल्या कानात सुरुवातीला सगळ्या पेशी सारख्याच असतात, कोणीही केसपेशी होऊ शकेल अशा. त्यासाठी लागणारं मुख्य जनुक म्हणजे एटोह-१; ते नसेल तर केसपेशी बनतच नाहीत, हे १९९९ साली हुदा झोग्बी यांच्या प्रयोगशाळेनं उंदरांत दाखवलं. सारख्यांमधल्या एकीत हे जनुक किंचित जास्त चालू होतं. तेवढ्यानं ती पुढे सरकते आणि आपल्या अंगावर डेल्टा, जॅग्ड ही निरोपाची प्रथिनं उभारते. ती शेजारणीच्या नॉचला टेकतात. टेकली की नॉचचा आतला तुकडा कापला जातो, केंद्रकात जातो आणि तिथे एटोह-१ ची दाबणी करणारी जनुकं जागी करतो. शेजारीण आधारपेशी होते. निरोपाचा मराठीत अर्थ एवढाच, मी झाले, तू होऊ नकोस. म्हणूनच कॉक्लियात दोन केसपेशी एकमेकींना कधी चिकटत नाहीत, मध्ये आधारपेशी असतेच.

मी हे वाचत असताना माझ्यासमोर आमचे काका उभे राहिले. बाबांचे धाकटे भाऊ. ते १९७० ला मुंबईला आले ते मिलमध्ये लागायचं म्हणूनच. बाबांनी जॉबरकडे शब्द टाकला नाही. ‘मी हंय आसय, तू येव नको,’ एवढंच म्हणाले आणि त्यांना रात्रशाळेत घातलं. काका पोस्टात लागले. भावाभावांत यावरून काही वर्षं अबोला होता म्हणे. आणि संपानंतर घर पडायच्या बेताला आलं तेव्हा काकांच्या पगारावर ते उभं राहिलं, माझी फी त्यांनीच भरली.

पक्ष्याच्या कानात केसपेशी मेली की तिचा निरोप थांबतो. शेजारणीवरचा दाब उठतो, तिच्यातलं एटोह-१ जागं होतं आणि ती कामाला लागते. सस्तन प्राण्यांतही निरोप तसाच थांबतो. आधारपेशी पसरतात, मेलेल्या पेशीची जागा शिवून बंद करतात, आतले द्राव एकमेकांत मिसळू देत नाहीत. एवढं करून त्या थांबतात. नवजात उंदरात मात्र चित्र वेगळं असतं. जन्मल्यावर काही दिवस, अजून ऐकूही येत नसतं तेव्हा, त्याच्या आधारपेशींना निरोप तोडून केसपेशी बनवता येतं. आठवडा उलटेपर्यंत ती ताकद ओसरते. २०२१ साली नील सेगिल यांच्या गटानं त्याचं एक कारण दाखवलं. केसपेशी व्हायला लागणाऱ्या जनुकांजवळच्या ज्या जागांना हात लावून ती चालू होतात, त्या जागा नवजात उंदराच्या आधारपेशींत जणू दार लोटून ठेवलेल्या असतात, आणि पुढे दाराला कडी पडते. जनुक हरवत नाही. प्रत्येक आधारपेशीत ते अक्षर न् अक्षर शिल्लक असतं.

आपल्या कानाला एवढं कडक बंधन का पडलं असावं? मला पटणारं उत्तर असं, की आपल्या आधारपेशी नुसत्या भराव नाहीत. त्यांतल्या काही खांबासारख्या उभ्या असतात, काही बाहेरच्या केसपेशींना खालून कपात धरावं तशा धरून ठेवतात. ही बांधणी इतकी काटेकोर आहे म्हणूनच माणसाला वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. कोंबडीला त्याच्या आसपासही जाता येत नाही. खांबालाच उठवून कामगार केलं तर छप्पर कशावर राहणार? पक्ष्यांत बऱ्याच आधारपेशी आधी विभागतात, एक केसपेशी होते, एक आधाराला उरते. नुसता नॉच तोडला तर विभागणी होत नाही, फक्त पेशी पालटते आणि एक खांब कमी होतो. म्हणून या क्षेत्रातली माणसं आता विभागणीचे ब्रेक, मग नॉच, मग दाराची कडी असं सगळं एका क्रमानं सोडवायच्या मागे आहेत. नवी पेशी झाली तरी तिचा तुरा योग्य दिशेला हवा, तिला मज्जातंतू येऊन भेटायला हवा. ही कामं मोठी आहेत आणि मी ती लहान करून कुणाला सांगणार नाही.

प्रयत्न झाले. नॉचचा आतला तुकडा कापणारी जी कात्री आहे, तीच मेंदूत अल्झायमरशी संबंधित प्रथिनाचा तुकडाही कापते. अल्झायमरसाठी त्या कात्रीला अडवणारी औषधं बनवली होती. तिथे ती चालली नाहीत, पण कानवाल्यांनी उचलली. २०१३ साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स आय अँड इअरमध्ये आल्बर्ट एज यांच्या गटानं आवाजानं बहिऱ्या केलेल्या प्रौढ उंदरांच्या कानात असं औषध सोडलं. काही आधारपेशी केसपेशी झाल्या आणि थोडं, अगदी थोडं ऐकू परत आलं. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या नेतृत्वाखाली माणसांवर चाचणी झाली. २०२४ ला निकाल छापून आला. औषध सुरक्षित होतं, पण गटाचं ऐकणं ठरवलेल्या मापानं सुधारलं नाही. एफएक्स-३२२ नावाचं दुसरं औषध वेगळ्या संकेतांवर काम करत आधारपेशींना विभागायला लावेल अशी आशा होती. पहिल्या छोट्या चाचणीत काही रुग्णांना शब्द जास्त स्पष्ट ऐकू आले होते. मी त्या बातम्यांची कात्रणं फाइलला लावत होते. २०२३ च्या फेब्रुवारीत ती आशाही मावळली. दिवसभर पेशंट तपासले आणि संध्याकाळी बूथमध्ये दार लावून बसले. बूथमध्ये फक्त स्वतःचा श्वास ऐकू येतो.

२०२४ च्या जानेवारीत शांघायहून आलेली बातमी मला निदान चाळीस जणांनी पाठवली असेल. जन्मतः बहिऱ्या सहा मुलांना जनुकोपचार दिला आणि पाचांना ऐकू येऊ लागलं. खरी बातमी आहे आणि फार मोठी आहे. पण त्या मुलांच्या केसपेशी जिवंत होत्या. मज्जातंतूला खबर पोचवायला लागणारं ओटोफर्लिन हे एकच प्रथिन त्यांच्यात बनत नव्हतं. मेलेल्या पेशीचा प्रश्न वेगळा. प्रत्येकाला मी हे लिहून कळवलं, कारण ज्यांनी पाठवलं होतं त्यांच्या घरात कुणीतरी होतं.

माझ्याकडे एक मुलगी आली होती, विशीतली. प्रतिरोधी टीबीसाठी तिनं महिनोन्‌महिने इंजेक्शनं घेतली होती, आणि टीबी बरा होता होता कान गेले. ही औषधं पिल्लांना दिलेल्या जेंटामायसिनच्याच घराण्यातली. ती केसपेशीत शिरतात ती तुऱ्यावरच्या त्याच दारांतून, ज्यांतून आवाजाची खबर आत जाते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली त्यांतलं कानामायसिन वापरू नये असं सांगितलं आणि उपचार हळूहळू पूर्ण गोळ्यांवर आले. तिला मात्र त्याआधीच आजार झाला होता. तिनं पाटीवर लिहून विचारलं, ‘परत येईल?’ वहीतलं जुनं वाक्य ओठांवर आलं होतं. मी लिहिलं, ‘आज नाही. तुमच्या कानात अजून काही पेशी जिवंत आहेत, त्यांना काय करायचं ते माहीत आहे, पण त्यांना जागं करता येत नाही. लोक त्यावर काम करताहेत. तोवर आपण कानात बसवायच्या इम्प्लांटचं बघू.’ तिनं ते दोनदा वाचलं आणि पाटी न पुसता पिशवीत घातली.

बाबा आता एकोणऐंशीचे आहेत. गावी असतात. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवायची, एकवीस दिवस मोजायचे, हा त्यांचा आवडता उद्योग. मागच्या मे महिन्यात गेले तेव्हा अकरा पिल्लं निघाली होती, डालग्याखालून बाहेर यायला धडपडत होती. पिल्लाची चिवचिव तीन-चार हजार हर्ट्झच्या आसपास असते, म्हणजे नेमकी बाबांच्या खाचेत. कोंबडीचं खालच्या पट्टीतलं कॉक-कॉक त्यांना येतं. पिल्लांच्या नुसत्या चोची उघडताना दिसतात.

खाचेच्या जागी बाबांच्या पेशी इतक्या गेल्या आहेत की तिथे आवाज कितीही वाढवला तरी तो घ्यायला कुणी नाही. अशा वेळी कानात घालायच्या ऐकण्याच्या मशीनमध्ये एक सोय वापरता येते. वरच्या पट्टीतला आवाज खाली आणून, जिथे पेशी शिल्लक आहेत तिथे टाकायचा. लॅपटॉप घेऊन मी पडवीत बसले, सेटिंग बदललं आणि मशीन त्यांच्या कानात बसवलं. डालगं उचललं. पिल्लं सुटली आणि एकदम गलका झाला. बाबांनी मान वळवली. बराच वेळ ऐकत राहिले.

‘येता आवाज,’ ते म्हणाले. ‘पण ह्यो पिल्लांचो आवाज न्हय.’

मी विचारलं, ‘मग कसा असतो पिल्लांचा?’

त्यांनी मशीन काढून माझ्या हातात दिलं. ओठांचा चंबू केला आणि आवाज काढला, बारीक, टोकदार, हुबेहूब. तो त्यांना स्वतःला ऐकू येत नव्हता. साठ वर्षांत आला नसेल. जांभळीखाली माती उकरणारी कोंबडी थांबली आणि मान उंच करून त्यांच्याकडे बघायला लागली.